भिलाईचा हजेरीपट

१९०३ च्या सुमारास दोराबजी टाटा एक खनिज-परवाना परत करण्यासाठी नागपूरच्या सचिवालयात गेले होते. ज्यांना भेटावयाचे ते अधिकारी जागेवर नव्हते, म्हणून वेळ घालविण्यासाठी ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तेथील भूस्तरांच्या नकाशावर दुर्ग जिल्ह्याच्या जागी त्यांना एक गडद रंगाचा ठसा दिसला. तो दल्ली-राजहराच्या डोंगरांतील लोखंडाचा होता. टाटांनी पुढे कोळशाला जवळ असलेले साकची पसंत केले, आणि दुर्गचे डोंगर आणखी अर्धे शतक जागच्या जागी राहिले.

ते उघडले सरकारने. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात हा संबंध तुटला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. हा इतिहास सहसा भट्ट्यांच्या आणि टनांच्या हिशेबाने सांगितला जातो. मला तो हजेरीपटाच्या हिशेबाने पाहणे अधिक उद्बोधक वाटते.

कारखाना उभारण्यासाठी खेडीच्या खेडी संपादन झाली. पण ज्यांची शेते गेली, ते छत्तीसगढी शेतकरी आरंभी कामावर येण्यास कचरत. पाया भक्कम व्हावा म्हणून त्यात माणसे बळी देतात, अशी आवई त्या काळी गावोगावी उठली होती. त्यामुळे प्रांतोप्रांतीचे लोक आले आणि स्थिरावले. बांधकामावर हजारो माणसे लागली. परंतु बांधकाम म्हणजे संपणारे काम. भट्टी पेटली की ती बांधणारा गवंडी नकोसा होतो. काहींना कारखान्यात सामावून घेतले, बाकीच्यांची नावे पटावरून उतरली.

खाणीचे तसे नव्हते. धातुक रोज लागत होते आणि राजहराला सरकारी यंत्रखाण होती. पण तिच्या शेजारी हाताने फोडायच्या खाणी कंत्राटदारांकडे दिलेल्या होत्या. तेथे बहुधा नवराबायकोची जोडी राबे. तो घण घाली, ती पाट्या वाही. अशा स्त्रीला तिकडे ‘रेजा’ म्हणतात. दोघांच्या घामाचे धातुक सरकारी भट्टीतच वितळे, पण सरकारच्या पटावर त्यांचे नाव नसे. वनांतही थोडेफार असेच घडले. मध्य प्रदेशाने १९६४ साली तेंदूपानांचा व्यापार आपल्या हाती घेतला, तरी पाने तोडणारा काही सरकारी नोकर झाला नाही. व्यापार सरकारी झाला म्हणजे मजुरीही सरकारी झाली, असे समजणे भाबडेपणाचे आहे.

कंत्राटी कामगारांविषयीचा केंद्रीय कायदा १९७० सालचा. तरीही १९७७ मध्ये दल्ली-राजहराचे मजूर जे मागत होते, ते पाहिले म्हणजे अंतर किती होते ते कळते. पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारण्यासाठी भत्ता आणि काम न मिळालेल्या दिवसाचा काही मोबदला, एवढेच ते मागणे. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ काढला. २ व ३ जूनला पोलिसांचा गोळीबार झाला आणि अकरा जण मृत्युमुखी पडले. पुढील वर्षी ५ एप्रिलला बैलाडिला येथेही गोळीबार झाला. तेथे यंत्रांच्या आगमनाने हातखाणीतील मजूर कामावरून निघत होते. दल्लीच्या संघाने यावरून जो धडा घेतला, तो मोठा समंजस होता. यंत्राला सरसकट नकार न देता त्यांनी अर्धे काम यंत्राने व अर्धे हाताने, अशी योजना मांडली आणि काही वर्षे ती टिकविलीही. मृतांच्या स्मरणार्थ मजुरांनी आपल्याच वर्गणीतून शहीद रुग्णालय उभारले. ते १९८३ पासून चालू आहे. नियोगींची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली. त्या वेळी ते तेथील खासगी कारखान्यांतील कंत्राटी कामगारांच्या लढ्यात होते.

इकडे कायम पट फुगत होता. १९८० नंतरच्या दशकात खाणींसह तो साठ हजारांपलीकडे गेला, आणि १९८८ साली कारखान्याची वार्षिक क्षमता चाळीस लाख टनांवर आली. त्यानंतर भरती आटली, ऐच्छिक निवृत्तीच्या योजना आल्या आणि पंचवीसएक वर्षांत पट निम्म्याच्या आसपास उतरला. पोलाद मात्र कमी झाले नाही. पूर्वी जी झाडलोट, डागडुजी आणि ओझ्याची कामे कायम कामगार करीत, त्यांतील पुष्कळशी कामे आता त्याच दरवाजातून, कंत्राटदाराचा पास दाखवून आत येणारी माणसे करतात.