खाद्यवाहक दुचाकीस्वारांचे अपघात

उपाहारगृहात शिजलेले अन्न, ते भ्रमणध्वनीवरून मागवणाऱ्या ग्राहकाच्या दारी स्कूटर, मोटारसायकल किंवा विजेच्या दुचाकीवरून नेऊन देणारे जे कामगार, त्यांना काम चालू असताना रस्त्यावर होणारे अपघात. लोकांच्या बोलण्यात हे कामगार ‘डिलिव्हरी बॉय’ किंवा ‘रायडर’ असतात. कंपन्यांच्या दप्तरी मात्र त्यांची नोंद ‘पार्टनर’, म्हणजे भागीदार, अशी केलेली असते, आणि अपघातानंतरची सारी जबाबदारी कोणाच्या शिरी पडते याचा निर्णय पुष्कळदा या एका शब्दाने होऊन जातो.

या अपघातांची स्वतंत्र गणना भारतात होत नाही. २०२२ साली देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती, एवढे केंद्रीय परिवहन मंत्रालयाचा वार्षिक अहवाल सांगतो. परंतु ही विभागणी वाहनाच्या प्रकारावरून केलेली असल्यामुळे मृत इसम स्वतःच्या घरी निघाला होता की पाठीवर परक्याचे जेवण घेऊन चालला होता, हे त्यावरून कळण्यास मार्ग नाही. ज्या व्यवसायात दिवसाचे दहा-बारा तास रस्त्यावरच जातात, त्यातील मृत्यू धंद्यातील मृत्यू म्हणून न मोजणे ही या विषयातील मूळ उणीव होय.

अपघातांची कारणे शोधताना चालकाच्या बेदरकारीवर बोट ठेवून थांबण्याची वहिवाट आहे. राँग साइडने येणे, सिग्नल तोडणे, हँडलवर लावलेल्या फोनकडे पाहत गाडी हाकणे हे प्रकार घडतात, आणि त्यांत पादचारीही जखमी होतात, हे खरेच. पण मोबदला तासावर नसून पोहोचविलेल्या फेरीवर असला, ठरावीक फेऱ्या भरल्यावाचून ‘इन्सेन्टिव्ह’ पदरात पडत नसला, आणि पावसाच्या रात्री, म्हणजे खड्डे पाण्याखाली गेलेले असतानाच, मागणी सर्वांत अधिक चढत असली, तर घाई हा स्वभावदोष न राहता ती कामाची अट बनते. चीनमध्ये एका मोठ्या कंपनीने तीन किलोमीटरच्या फेरीस २०१६ साली दिलेली एका तासाची कमाल मुदत २०१८ पर्यंत ३८ मिनिटांवर आली. अमेरिकेत डॉमिनोज या पिझ्झा कंपनीने अर्ध्या तासात पोहोचविण्याची दिलेली हमी, अपघातात जखमी झालेल्या एका स्त्रीच्या दाव्यात ज्यूरीने जबर भरपाई मंजूर केल्यानंतर, १९९३ मध्ये मागे घेण्यात आली. दक्षिण कोरियात तीच हमी मागे घेतली जाण्यास २०११ साल उजाडले. भारतात तर मुदतीचा आकडा दहा मिनिटांपर्यंत खाली आणण्यात आला. आमच्या मुंबईत १८९० च्या सुमारास सुरू झालेली डबेवाल्यांची व्यवस्था याच कामाची, पण तिची वेळ लोकलच्या वेळापत्रकाशी बांधलेली आणि जेवणाची घटका आधीपासून ठाऊक असलेली. तेथे वक्तशीरपणा आहे, रस्त्यावरची शर्यत नाही, आणि हा भेद मला फार मोलाचा वाटतो.

विजेच्या दुचाकीने या प्रश्नात एक नवी गुंतागुंत आणली. जिच्या मोटारीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, ती गाडी केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार वाहनच ठरत नाही. सबब तिला नोंदणी, परवाना वा विम्याची सक्ती नाही. भाड्याने सहज मिळणाऱ्या अशा गाड्यांमुळे परवाना नसलेल्या तरुणालाही काम मिळते, ही सोय मोठी. परंतु आवाज न करता मागून आलेल्या अशा गाडीच्या धडकेने एखादी वृद्धा पडली, तर तिच्यासमोर विमा कंपनी उभी नसते, असतो तो केवळ तिच्याहूनही गरीब असा एक मुलगा. पेट्रोलच्या गाडीला विमा असतो, पण खाजगी नोंदणीची गाडी धंद्यासाठी वापरली अशी हरकत घेऊन तो नाकारला जाण्याची धास्ती तेथेही आहेच.

कामावरील इजेबद्दल मालकाने भरपाई द्यावी, असे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाने ठरविले होते. पण ‘भागीदारा’ला मालक नसतो, असा कंपन्यांचा पक्ष. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग व प्लॅटफॉर्म कामगारांची स्वतंत्र व्याख्या केली, अपघात विम्यासारख्या योजनांचा उल्लेख केला आणि त्यांसाठी कंपन्यांकडून उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम घेण्याची तरतूद केली. संहितेचा अंमल मात्र २१ नोव्हेंबर २०२५ पासून झाला. तत्पूर्वी राजस्थानने २०२३ मध्ये या कामगारांसाठी देशातील पहिला राज्य अधिनियम केला होता.

मोठ्या कंपन्या स्वतःहूनही अपघात विमा देतात. तथापि अपघाताच्या क्षणी चालक ‘लॉगिन’ होता किंवा नाही, हातात फेरी होती किंवा नव्हती, यावर दावा अडू शकतो. आणि ही नोंद कंपनीच्या यंत्रणेत असते, घरच्यांच्या हाती येतो तो बहुधा फुटलेला फोन. म्हणून घटनास्थळाच्या पंचनाम्यातच पाठीवरची पेटी, तीतील पार्सल व त्यावरील ऑर्डरचा क्रमांक यांची नोंद पोलिसांनी आवर्जून करावी.