ऑस्ट्रेलियात टीव्हीची जुनी वेळापत्रकं लोक आजही का शोधतात?

'आज रात्री टीव्हीवर काय आहे?' हा प्रश्न आता घराघरातून जवळजवळ गेलाच आहे. जे हवं ते, हवं तेव्हा मोबाइलवर लागतं. पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या साध्या मंगळवारी संध्याकाळी साडेसातला कुठल्या चॅनेलवर काय लागलं होतं, हे शोधून काढणारे लोक ऑस्ट्रेलियात आहेत. त्यांना कार्यक्रमांपेक्षा वर्तमानपत्रात छापलेलं त्यांचं वेळापत्रक हवं असतं.

वरवर पाहता हा रिकामपणाचा उद्योग वाटेल. पण त्यामागे आठवणींइतकंच एक ठोस कारणही आहे. ते समजायला आधी तो काळ समजून घ्यावा लागतो.

सुरुवात कधी झाली?

ऑस्ट्रेलियात नियमित टीव्ही सुरू झाला १६ सप्टेंबर १९५६ रोजी, सिडनीच्या 'टीसीएन-९' या केंद्रावरून. ब्रूस गिंजेल हे निवेदक प्रेक्षकांचं टीव्हीच्या जगात स्वागत करतात, ते दृश्य आजही प्रत्येक वर्धापनदिनाला दाखवलं जातं. गंमत म्हणजे ते मूळ चित्रण नाही. त्या रात्रीचं जपून ठेवलेलं चित्रण नसल्यामुळे तो प्रसंग नंतर पुन्हा उभा करून चित्रित केला गेला. म्हणजे ऑस्ट्रेलियन टीव्हीची सर्वांत प्रसिद्ध आठवणसुद्धा नक्कलच आहे.

पाठोपाठ मेलबर्नमध्ये केंद्रं सुरू झाली आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये तिथल्या ऑलिंपिकची दृश्यं छोट्या पडद्यावर दिसली. ब्रिस्बेन, ॲडलेड आणि पर्थला १९५९ मध्ये, तर होबार्टला १९६० मध्ये टीव्ही आला. डार्विनला मात्र १९७१ पर्यंत थांबावं लागलं.

पानावर काय काय दिसतं?

जुनं पान उघडलं की चॅनेलचे आकडे दिसतात. २ म्हणजे सरकारी निधीवर चालणारी एबीसी, ७ आणि ९ ही खासगी चॅनेल. तिसरं खासगी चॅनेल सिडनीत १० नंबरवर होतं, तर मेलबर्नमध्ये ते १९६४ साली चक्क ० नंबरवर सुरू झालं. १९८० मध्ये तेही १० वर गेलं. त्यामुळे मेलबर्नच्या पानावर हे खासगी चॅनेल '०' वर दिसलं, की ते पान १९८० च्या आधीचं हे जाणकार लगेच ओळखतात.

मुलांच्या वेळेत दोन नावं वर्षानुवर्षं भेटतात. नाकाच्या पेन्सिलीने चित्रं काढणारा बाहुला 'मिस्टर स्क्विगल' १९५९ ते १९९९ अशी चाळीस वर्षं टिकला. 'प्ले स्कूल' १९६६ मध्ये सुरू झालं आणि आजही चालू आहे. आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या एकच कार्यक्रम बघत वाढल्या, अशी घरं तिथे आहेत.

१ मार्च १९७५ हा आणखी एक टप्पा. त्या दिवसापासून ऑस्ट्रेलियन टीव्ही अधिकृतपणे रंगीत झाला. एबीसीच्या 'आंटी जॅक' या विनोदी कार्यक्रमाने आदल्या रात्री बाराला तीन मिनिटं कमी असतानाच पडद्यात रंग शिरताना दाखवला आणि बाकीच्यांच्या आधी नंबर लावला.

एकच कार्यक्रम, पण शहरागणिक वेगळा दिवस

सिडनीचं आणि पर्थचं पान शेजारी ठेवलं तर एकाच आठवड्यात दोन वेगळे देश दिसावेत, इतका फरक असतो. अंतर हे त्याचं कारण. सिडनी आणि मेलबर्न केबलने जोडली गेली १९६२ मध्ये. पर्थला पूर्वेकडच्या शहरांशी जोडणारा मायक्रोवेव्ह दुवा तर १९७० मध्ये आला. तोपर्यंत कार्यक्रमाची फिल्म डब्यात घालून एका शहरातून दुसऱ्या शहरात पाठवावी लागे. एका शहरात मालिका संपत आलेली असे आणि दुसरीकडे तिचा पहिला भाग लागायचा असे.

खेड्यापाड्यांत निवड आणखी कमी होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक ग्रामीण भागात एबीसी आणि एक स्थानिक खासगी चॅनेल, एवढंच दिसायचं. १९८९ ते १९९२ या काळात मोठे विभाग एकत्र जोडून तिथे तीन खासगी चॅनेल पोहोचवण्यात आली. म्हणूनच शहरात आणि गावात वाढलेल्या एकाच वयाच्या दोन माणसांच्या टीव्हीच्या आठवणी जुळत नाहीत.

वेळापत्रक म्हणजे घराचं घड्याळ

संध्याकाळी सात म्हणजे एबीसीच्या बातम्या, हे समीकरण घट्ट होतं. जेवण, अभ्यास, झोप सगळं त्याभोवती बसवलेलं. १९८५ मध्ये एबीसीने ते मोडून पाहिलं. बातम्या आणि चर्चा एकत्र करून 'द नॅशनल' नावाचा कार्यक्रम साडेसहाला सुरू केला. अर्ध्या तासाचा तर फरक! पण प्रेक्षकांनी पाठ फिरवली आणि वर्ष संपता संपता बातम्या पुन्हा सातवर आल्या.

तशीच रविवारी संध्याकाळी सहाची वेळ. १९७४ मध्ये सुरू झालेला आणि १९८७ पर्यंत चाललेला 'काउंटडाउन' हा गाण्यांचा कार्यक्रम तेव्हा लागायचा. मॉली मेलड्रम यांनी रविवारी कोणतं गाणं उचलून धरलं, यावर सोमवारी शाळेत चर्चा व्हायची. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी एकच गोष्ट बघितलेली असायची, म्हणून ती चर्चा शक्य होती.

दिवस-रात्र क्रिकेटचं मूळही इथेच

वेळापत्रकाच्या या ताकदीचा परिणाम भारतातल्या प्रेक्षकांनीही अनुभवला आहे. चॅनेल नाइनचे मालक केरी पॅकर यांना क्रिकेटचे हक्क मिळाले नाहीत, म्हणून त्यांनी १९७७ मध्ये वर्ल्ड सिरीज क्रिकेट ही स्वतःची स्पर्धाच काढली. कसोटीचा खेळ संध्याकाळी संपतो, पण टीव्हीसमोर सर्वांत जास्त माणसं बसतात ती रात्री. मग दिवे लावून सामने खेळवण्यात आले. २८ नोव्हेंबर १९७८ रोजी सिडनीच्या मैदानावर प्रकाशझोतात झालेल्या सामन्याला ४० हजारांहून जास्त प्रेक्षक आले.

मार्च १९८५ मध्ये सुनील गावसकर यांच्या संघाने मेलबर्नला पाकिस्तानला हरवून बेन्सन अँड हेजेस स्पर्धा जिंकली आणि रवी शास्त्री यांना ऑडी गाडी मिळाली. तो अंतिम सामनाही दिवस-रात्रीचाच होता. तिथल्या रात्रीच्या प्रेक्षकांसाठी ठरवलेला सामना इथे दिवसाउजेडी दिसायचा, आणि तिथे सकाळी सुरू होणाऱ्या सामन्यासाठी इथे पहाटेचा गजर लावावा लागायचा.

मग कार्यक्रम सोडून पानच का शोधायचं?

कारण बऱ्याच बाबतीत कार्यक्रम उरलेलाच नाही. सुरुवातीच्या काळात पुष्कळ कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत आणि हवेत विरून जात. पुढे टेप आली, पण ती महाग होती. त्यामुळे जुनं पुसून तीच टेप पुन्हा वापरली जायची. १९५७ मध्ये सुरू झालेल्या 'इन मेलबर्न टुनाइट'ने ग्रॅहॅम केनेडी यांना घराघरात पोहोचवलं. आठवड्यातून अनेक रात्री चालणाऱ्या या कार्यक्रमाचा फार थोडा भाग शिल्लक आहे. 'काउंटडाउन'चे सुरुवातीचे बरेच भाग पुसले गेले. १९७२ मध्ये आलेली 'नंबर ९६' ही तेव्हाची गाजलेली मालिका, पण तिच्या कृष्णधवल भागांपैकी बहुतेक नष्ट झाले.

अशा भागांबद्दल तो कधी आणि कुठे दाखवला गेला, याचा पुरावा म्हणून अनेकदा वर्तमानपत्रातली एक ओळच हाती लागते.

उलटं उदाहरण ब्रिटिश मालिका 'डॉक्टर हू'चं. ऑस्ट्रेलियात ती १९६५ मध्ये सुरू झाली. तिथल्या सेन्सॉरने मुलांना भीती वाटेल अशी दृश्यं कापली. पुढे ब्रिटनमध्ये मालिकेचे अनेक जुने भाग नष्ट झाले. पण सेन्सॉरने कापलेले तुकडे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पडून होते. १९९६ मध्ये चाहत्यांनी ते शोधून काढले. जे दाखवायचं नाही म्हणून कापलं, तेवढंच वाचलं!

ही पानं कुठे मिळतात?

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 'ट्रोव्ह' या संकेतस्थळावर जुनी वर्तमानपत्रं मोफत खुली केली आहेत. बहुतेक वर्तमानपत्रं तिथे १९५४ पर्यंतचीच, म्हणजे टीव्ही येण्याआधीची आहेत. 'द कॅनबेरा टाइम्स' मात्र १९९५ पर्यंत मिळतो, म्हणून टीव्हीची पानं शोधणाऱ्यांचा तो मोठा आधार आहे. संगणकाने चुकीची वाचलेली अक्षरं सामान्य वाचक स्वतः दुरुस्त करतात. १९५७ पासून निघणारं 'टीव्ही वीक' साप्ताहिक आणि मेलबर्नच्या 'द एज'ची हिरव्या रंगाची गुरुवारची पुरवणीही अनेकांनी जपून ठेवली आहे.

पण पानावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये

छापलेलं वेळापत्रक म्हणजे जे दाखवायचं ठरलं होतं ते. प्रत्यक्षात तेच दाखवलं गेलं, असं नाही. २१ जुलै १९६९ ला चंद्रावर उतरल्यावर अंतराळवीर आधी विश्रांती घेणार होते. त्यांनी ती टाळली आणि आर्मस्ट्राँग यांचं पाऊल सिडनीच्या घड्याळानुसार दुपारी एकच्या सुमारासच चंद्रावर पडलं, ठरल्या वेळेच्या काही तास आधी. आदल्या दिवशी छापलेल्या पानाला हे कसं कळणार?

म्हणून जाणकार दुसऱ्या दिवसाच्या बातम्या, समीक्षा आणि वाचकांची पत्रंही पाहतात. या सगळ्याचा मेळ बसला तरच 'हे दाखवलं गेलं होतं' असं म्हणता येतं.

१० डिसेंबर २०१३ रोजी ऑस्ट्रेलियातलं ॲनालॉग प्रक्षेपण पूर्ण बंद झालं. छतावरचा अँटेना फिरवून ज्या चॅनेलची वाट पाहिली जायची, ते सिग्नल कायमचे गेले आणि कित्येक कार्यक्रमांच्या टेप त्याआधीच पुसल्या गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी रद्दीत जाणारा कागद मात्र टिकला. त्यामुळेच आज साठीतला एखादा माणूस लहानपणीची तारीख टाकतो आणि त्या संध्याकाळी घरातले सगळे मिळून काय बघत बसले असतील, हे त्याला ओळीने वाचता येतं.