तेव्हने : एका फ्रेंच आडनावाची कुळकथा

महोत्सवाच्या स्मरणिकेत धर्मग्रामाचा इतिहास असावा, ख्रिस्तमंदिराच्या बांधणीची हकीकत असावी, प्रभूच्या घरी गेलेल्या धर्मगुरूंचे स्मरण असावे, ही वाचकांची अपेक्षा रास्तच होय. परंतु ह्या पानांवर आम्ही एका परकीय आडनावाची कथा सांगावयास बसलो आहो. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड ह्या आमच्या परिसरात ते आडनाव लावणारे एकही घराणे आमच्या ऐकण्यात नाही. मग त्याचा प्रपंच येथे कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या शेवटी आपोआप मिळेल, अशी आमची आशा आहे.

प्रथम हे आडनाव आमच्या प्रदेशाशी कसे जोडले गेले ते सांगतो. फ्रान्स देशाच्या पूर्व सीमेवर आल्प्स पर्वताच्या कुशीत सव्हॉय नावाचा प्रांत आहे. १८६० सालापर्यंत तो सार्डिनियाच्या राज्यात मोडत असे; त्या वर्षी तो फ्रान्सला जोडला गेला. तेथील आन्सी ह्या नगरात फादर पिएर मारी मेर्मिए ह्यांनी १८३८ साली संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या नावाने मिशनरी धर्मगुरूंचा संघ स्थापन केला. ह्या संघाचे पहिले धर्मगुरू १८४५ साली हिंदुस्थानात आले. विशाखापट्टण हे त्यांचे आरंभीचे ठाणे. तेथून ते कामठी व नागपूरकडे सरकले, आणि १८८७ साली नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. वऱ्हाड त्याच धर्मप्रांताच्या छत्राखाली होते. पुढे १९५५ साली त्यातून अमरावतीचा धर्मप्रांत वेगळा निघाला. नागपूरचे आरंभीचे महागुरुस्वामी पाहावेत तर रिकाझ, पेल्व्हा, क्रोशे, बोनाव्हेंत्यूर, कॉपेल, गाये अशी सारी आडनावे त्याच मुलखाकडची. ह्याच मंडळींत तेव्हने आडनावाचेही धर्मगुरू होते, आणि त्यांचे नाव वऱ्हाडच्या मिशनशी निगडित आहे.

ह्या आडनावाच्या उच्चाराचे आमच्याकडे फार हाल झाले. कागदावरची रोमन अक्षरे पाहून कोणी थेवेनेट म्हणे, कोणी थिवनेट. फ्रेंच मनुष्य मात्र त्याचा उच्चार ‘तेव्हने’ असा करतो. अर्थाकडे पाहिले तर हे आडनाव मुळी परके राहतच नाही. फ्रेंच भाषेत संत स्तेफन ह्यास ‘एत्येन’ म्हणतात. त्याचेच जुने व दक्षिणेकडील रूप ‘एस्तेव्ह’. आपल्याकडे विठ्ठलाचा विठू होतो, तुकारामाचा तुका होतो, त्याप्रमाणे तिकडील खेड्यापाड्यांत लहानग्या एस्तेव्हला लाडाने एस्तेव्हने, एस्तेव्हनो, एस्तेव्हनँ अशा हाका मारीत. कालांतराने आरंभीचे अक्षर झिजून गेले व तेव्हने, तेव्हनो, तेव्हनँ ही रूपे उरली. पुढे बापाचे लाडके नाव मुलांना आडनाव म्हणून चिकटले. म्हणजे ह्या तिन्ही आडनावांचा अर्थ एकच : ‘छोटा स्तेफन’. ती धारण करणारी सर्व घराणी एका रक्ताची आहेत असे मुळीच नव्हे. एका संताच्या नावाची आहेत, एवढेच.

आणि स्तेफन म्हणजे कोण, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. ‘स्तेफानोस’ ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ मुकुट. प्रेषितांच्या कृत्यांत सांगितल्याप्रमाणे ख्रिस्तसभेच्या सात सेवकांपैकी हा एक, आणि ख्रिस्तासाठी प्राण देणारा पहिला रक्तसाक्षी. दगडांचा वर्षाव होत असता गुडघे टेकून मारेकऱ्यांना क्षमा मागणारा तो हाच. २६ डिसेंबर हा त्याचा सण. हा क्षमेचा धागा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

ह्या नावाचा जो पहिला प्रसिद्ध पुरुष आमच्या महाराष्ट्रात पाय ठेवता झाला, तो धर्मगुरू नव्हे, प्रवासी होता. झाँ द तेव्हनो हा १६३३ साली पॅरिस येथे जन्मला. तुर्कस्थान, मिसर व इराण पाहून तो १६६६ साली सुरतेस उतरला, आणि औरंगाबाद, दौलताबाद, वेरूळ व गोवळकोंडे असा त्याने प्रवास केला. वेरूळच्या लेण्यांचे वर्णन करणाऱ्या आरंभीच्या युरोपीयांत त्याची गणना होते. १६६४ साली शिवाजीमहाराजांनी सुरतेवर केलेल्या स्वारीची हकीकतही त्याने लिहून ठेवली. महाराजांना त्याने प्रत्यक्ष पाहिले नव्हते. तरी ऐकीव माहितीवरून बांधा ठेंगणा, वर्ण सावळा, नेत्र चंचल व बुद्धीचे तेज दाखविणारे, आणि आहार बहुधा दिवसातून एकदाच, असे चित्र त्याने रेखाटले आहे. परतीच्या वाटेवर इराणात १६६७ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्याला मृत्यूने गाठले. हिंदुस्थानच्या प्रवासाचा त्याचा ग्रंथ १६८४ साली, म्हणजे त्याच्या पश्चात, प्रसिद्ध झाला.

ह्याचा चुलता मेल्किसेदेक तेव्हनो हाही मोठा विद्वान. फ्रान्सच्या राजग्रंथालयाचा कारभार त्याजकडे होता. परंतु आमच्या गवंडी बांधवांना तो अधिक जवळचा वाटावा. भिंत वा फरशी समपातळीत आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी काचेच्या नळीत द्रव भरून त्यात हवेचा बुडबुडा ठेवलेले जे साधन गवंडी वापरतो, त्याचा शोध सन १६६१ च्या सुमारास ह्याच गृहस्थाने लावला. कोणत्याही ख्रिस्तमंदिराचा ओटा समतल करताना आजही ह्या तेव्हनोची बुद्धी कामास येते.

आता ह्या नावाच्या खऱ्या मुकुटमण्याकडे वळू. लिओं हे फ्रान्समधील रेशमाचे नगर. आमचा जिल्हा जसा कापसाचा, तसे ते रेशमाचे. तेथील फिलिबेर तेव्हने नावाच्या रेशीम व्यापाऱ्याच्या घरी ३० मार्च १७७४ रोजी क्लोदीन नावाची कन्या जन्मली. सात भावंडांत ती दुसरी. घरची सारी तिला ‘ग्लादी’ म्हणत. तिच्या ऐन तारुण्यात फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला. १७९३ साली लिओं नगराने पॅरिसच्या सत्तेविरुद्ध उठावणी केली. नगराला दोन महिने वेढा पडला, आणि अखेर ते पडले. वेढ्यात नगराच्या बाजूने लढलेले क्लोदीनचे दोन भाऊ, लुई आंत्वान व फ्रांस्वा मारी, कैदेत पडले. एक वीस वर्षांचा, दुसरा अठरांचा.

५ जानेवारी १७९४ रोजी त्या दोघांना गोळ्या घालून ठार करण्यासाठी नेण्यात आले. एकोणीस वर्षांची ग्लादी त्या भयंकर मिरवणुकीबरोबर भावांच्या निकट चालत राहिली. त्या वाटेवर भावांनी तिला अखेरचे मागणे मागितले : आम्ही ज्याप्रमाणे क्षमा करतो त्याप्रमाणे तूही क्षमा कर. त्यानंतर जे घडले ते तिने डोळ्यांनी पाहिले. त्या धक्क्याने तिच्या मानेला कंप सुटला व श्वासाचा विकार जडला. ही दोन्ही दुखणी तिला जन्मभर पुरली.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. आडनावाचा अर्थ ‘छोटा स्तेफन’. आणि त्या आडनावाची दोन तरुण मुले मरणाच्या दारात उभी राहून मारणाऱ्यांना क्षमा करितात! त्या घटकेला त्यांच्या मनात आपल्या आडनावाची व्युत्पत्ती होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु शेकडो वर्षे केवळ अक्षरे म्हणून चालत आलेले नाव त्या दिवशी अर्थासह जगले गेले, हे कोण नाकारील?

क्लोदीनने ते मागणे पाळले. सूड घ्यावा असे क्रांतीने तिच्यापुढे पुष्कळ काही ठेवले होते. तिने क्रांतीच्या राखेतून उरलेली पोरकी मुले वेचली. १८१५ साली फादर आंद्रे क्वांद्र ह्यांना एका ख्रिस्तमंदिराच्या दाराशी थंडीने कुडकुडणाऱ्या दोन टाकलेल्या मुली आढळल्या. त्यांनी त्या क्लोदीनच्या स्वाधीन केल्या. तेथून कार्य वाढत गेले. ६ ऑक्टोबर १८१८ रोजी तिने ‘येशू व मरिया’ ह्या धर्मभगिनींच्या संघाचा पाया घातला, आणि स्वतः मदर मरी द सेंत इन्यास हे नाव घेतले. अनाथ मुलींना केवळ अन्नवस्त्र देऊन भागणार नाही, त्यांच्या हाती पोट भरण्याचा धंदा हवा, हे तिने ओळखले व त्यांना रेशीम विणण्याचे काम शिकविले. ३ फेब्रुवारी १८३७ रोजी ती निवर्तली. देव किती चांगला आहे, हेच तिच्या तोंडचे अखेरचे उद्गार. परमगुरुस्वामी जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८१ साली तिला धन्यवादित व २१ मार्च १९९३ रोजी संत म्हणून घोषित केले.

तिच्या मृत्यूला पुरी सहा वर्षे झाली नाहीत तोच, १८४२ साली, तिच्या धर्मभगिनी आग्र्यास येऊन दाखल झाल्या. पुढे मुंबईत व पुण्यातही त्यांचे मठ व कन्याशाळा उभ्या राहिल्या. स्त्रीशिक्षणाचे नाव काढताच भल्याभल्यांच्या भुवया चढत असत, अशा काळातील ही गोष्ट आहे. ज्या आडनावाने सतराव्या शतकात वेरूळचे खांब मोजले, त्याच नावाच्या एका स्त्रीचे कार्य एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील मुलींच्या हाती पाटी देण्यासाठी आले.

त्यानंतरच्या दोन पुरुषांची ओळख करून दिली नाही तर हा लेख अपुरा राहील. यवतमाळ व पुसद येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत विजेचे शास्त्र शिकणारी आमची मुले ‘थेवेनिनचा सिद्धांत’ पाठ करितात. तो थेवेनिन म्हणजे लेओं शार्ल तेव्हनँ, फ्रान्सच्या तारखात्यातील अभियंता. जन्म ३० मार्च १८५७, म्हणजे संत क्लोदीनचाच जन्मदिवस. विजेच्या वाहिन्यांचे जाळे कितीही गुंतागुंतीचे असले तरी दोन टोकांवरून पाहता त्याच्या जागी एकच विद्युत्-स्रोत व एकच अवरोध कल्पून हिशेब करता येतो, असे त्याने १८८३ साली दाखविले. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ ह्याने १८५३ सालीच हे तत्त्व मांडले होते, पण जगाने नाव घेतले ते तेव्हनँचे. हा गृहस्थ अविवाहित राहिला व आप्तांपैकी एका विधवेच्या दोन मुलांना त्याने दत्तक घेतले. १९२६ साली तो वारला तेव्हा त्याच्याच इच्छेप्रमाणे शवपेटीवर केवळ त्याच्या बागेतील एक गुलाबाचे फूल ठेवण्यात आले.

दुसरा बेर्नार तेव्हने, १९४८ साली शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला सायकलपटू. लहानपणी तो गावच्या ख्रिस्तमंदिरात वेदीसेवक होता. १९६१ साली ‘टूर द फ्रान्स’ ही विख्यात शर्यत गावावरून जावयाची होती. तेव्हा मुलांना ती पाहता यावी म्हणून धर्मगुरूंनी मिस्साची वेळ अलीकडे आणली. त्या वेदीसेवकाने पुढे १९७५ व १९७७ साली तीच शर्यत जिंकली, आणि पहिल्या खेपेस पाच वेळच्या विजेत्या एडी मेर्क्सला आल्प्सच्या चढावर मागे टाकले. ह्याच खेळाडूने पुढे, कॉर्टिझोन हे औषध आपण शर्यतींसाठी वापरीत होतो व त्यानेच आपली प्रकृती ढासळली, असे जाहीर कबूल केले. सहखेळाडू त्याजवर रुष्ट झाले. परंतु आमच्या मते चुकीची कबुली देण्यासही आल्प्स चढण्याइतकेच बळ लागते.

असो. आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. वसईकडे व गोमंतकात पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती घराण्यांनी पोर्तुगीज आडनावे घेतली. त्यांतील ‘इस्तेव्हिस’ हे स्तेफनचेच रूप. आमच्याकडील मराठी घराण्यांत मात्र कुळाची व गावाची मराठी आडनावेच चालत आली. सव्हॉयच्या धर्मगुरूंचे आडनाव येथे कोणी लाविले नाही. धर्मगुरू व धर्मभगिनी ह्यांना संसार नाही. त्यांचे आडनाव त्यांच्याबरोबर मातीत जाते. तेव्हने ह्या आडनावाला वऱ्हाडात वंश राहिला नाही, तो ह्याच कारणाने.

परंतु ज्या नावापासून ते आडनाव झाले ते नाव राहिले आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ साली गोव्यास आले व १६१६ साली त्यांनी मराठी ओव्यांतील आपले क्रिस्तपुराण छापून प्रसिद्ध केले. त्यांच्या आडनावाच्या मुळाशीही स्तेफनच. नागपूरच्या महागुरुस्वामींपैकी बोनाव्हेंत्यूर व कॉपेल ह्या दोघांच्याही नावांत ‘एत्येन’, म्हणजे स्तेफनच, होता. आणि आज आमच्या मुलास स्नानसंस्कारात ‘स्तेफन’ हे नाव ठेविले जाते, तेव्हा त्या वहीत एका मराठी आडनावाआधी तोच मुकुट लिहिला जातो. आडनाव रक्ताने चालते; हे नाव पाण्याने चालते.

म्हणून ह्या महोत्सवाच्या निमित्ताने आमची एवढीच विनंती आहे. आपल्या लेकरांस संताचे नाव ठेविताना त्या संताने काय केले तेही त्यांस सांगावे. गावात भांडण होते, बांधावरून भाऊ भावाला दुरावतो, एकमेकांच्या दाराशी जाणे-येणे बंद पडते. अशा वेळी लिओंच्या त्या वाटेवर दोन भावांनी बहिणीजवळ जे मागितले, ते आम्हासही मागितले आहे असे समजावे. ज्यांनी आडनाव मागे ठेविले नाही त्यांचे ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाही. त्या सर्वांच्या आत्म्यांस प्रभू चिरशांती देवो.