नोंदींत न उतरलेल्या जखमा



शाळामास्तरकींत मीं छत्तीस वर्षें काढलीं. एवढ्या काळांत फार मोठें असें कांहीं माझ्या हातून झालें नाहीं; परंतु एक चूक मात्र पक्की झाली, आणि आजच्या विषयाकडे तिनेंच मला आणून सोडलें. आमच्या शाळेचें जनरल रजिस्टर जीर्ण झालें होतें. तें नव्या वहींत उतरवून काढण्याचें काम, माझें अक्षर बरें म्हणून, मजकडे आलें. दिवाळीच्या सुटींत बसून मीं तें पुरें केलें आणि शाबासकीहि मिळविली. पुढें वीस-बावीस वर्षें लोटल्यावर एक माजी विद्यार्थी, सैन्यांतून निवृत्त झालेला हवालदार, दाराशीं येऊन उभा राहिला. त्याच्या वडिलांचें नांव शाळेच्या दाखल्यांत एक आणि पलटणीच्या कागदांत दुसरें, असा घोळ होऊन त्याचें काम दीड वर्ष अडून पडलें होतें. त्यानें दाखला पुढें केला व हळूच विचारलें, "गुरुजी, हें अक्षर तुमचंच ना?" अक्षर माझेंच होतें. रागाचा एक शब्दहि तो बोलला नाहीं, आणि तेंच मला अधिक लागलें.

तेव्हांपासून शिपाई आणि त्याचे कागद या विषयीं जें जें हातीं येईल तें तें मी वाचूं लागलों. तुमच्याआमच्या आयुष्याला शेजारीपाजारी साक्षी असतात. शिपायाचें तसें नसतें. त्याचा पराक्रम घरापासून हजारों कोस दूर, बहुधा रात्रीं, चिखलांत घडतो. आणि ज्यानें तो डोळ्यांनीं पाहिला तो सोबती पुष्कळदां सकाळपर्यंत जिवंतहि राहत नाहीं. मग त्या पराक्रमाचा जगांत एकच पुरावा उरतो. तो म्हणजे छावणींतल्या कारकुनानें लिहिलेली ओळ. ती ओळ लिहावयाचीच राहिली तर काय होतें, याची एक अमेरिकन कथा आज सांगणार आहें.

१९१७ सालीं अमेरिका पहिल्या महायुद्धांत उतरली. त्या वेळीं न्यूयॉर्क राज्यांतील आल्बनी शहरीं रेल्वे-स्थानकावर हेन्री जॉन्सन नांवाचा एक कृष्णवर्णीय हमाल काम करीत असे. उंची पांच फूट चार इंच, बांधा किरकोळ. जून महिन्यांत तो कृष्णवर्णीयांच्या एका पलटणींत भरती झाला. हीच पलटण पुढें ३६९ वी इन्फंट्री रेजिमेंट म्हणून प्रसिद्धीस आली. फ्रान्समध्यें पोंचल्यावर या पलटणीचें करावयाचें काय, हा अमेरिकन सेनाधिकाऱ्यांस प्रश्न पडला. गोऱ्या शिपायांच्या खांद्याला खांदा लावून काळ्यांनीं लढावें हें त्यांस मानवेना. शेवटीं सेनापति पर्शिंग यांनीं ती पलटणच फ्रेंचांच्या स्वाधीन केली. फ्रेंचांना माणसांची निकड होती. कातड्याच्या रंगाची चौकशी करण्यास त्यांना सवड नव्हती. त्यांनीं या शिपायांस आपल्या बंदुका दिल्या, आपलीं शिरस्त्राणें दिलीं आणि खंदकांत उभें केलें.

१५ मे १९१८ ची रात्र. आर्गोनच्या अरण्याच्या कडेस एका पुढच्या चौकीवर जॉन्सन आणि नीडहॅम रॉबर्ट्स हे दोघे पहारा देत होते. काळोखांत तारा कापल्याचा आवाज झाला, आणि निदान बारा जर्मनांची टोळी त्यांच्यावर तुटून पडली. रॉबर्ट्स जबर जखमी झाला. जॉन्सन स्वतः रक्तानें माखला होता, तरी तो गोळ्या झाडीत राहिला. बंदूक अडकली तेव्हां तिचा दस्ता त्यानें सोट्यासारखा चालविला. तोंच कांहीं जर्मन रॉबर्ट्सला उचलून कैदी करून नेत असल्याचें त्याच्या दृष्टीस पडलें. तेव्हां त्यानें कमरेचा कोयत्यासारखा सुरा उपसला आणि तो त्यांच्या अंगावर धांवून गेला. टोळीनें पळ काढला. उजाडलें तेव्हां रॉबर्ट्स फ्रेंचांच्याच बाजूस होता, आणि जॉन्सनच्या अंगावर २१ जखमा होत्या.

फ्रेंच सरकारनें दोघांसहि 'क्र्वा द गेर' हें शौर्यपदक दिलें. स्वदेशीं परतल्यावर फेब्रुवारी १९१९ मध्यें न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरून पलटणीची मिरवणूक निघाली. तींत जॉन्सन उघड्या मोटारींत बसला होता. युद्धाकरितां तिकिटें खपविण्याच्या जाहिरातींतहि त्याच्या नांवाचा उपयोग सरकारनें केला. पण त्याच सरकारच्या कारकुनानें त्याच्या हातीं जें निवृत्तिपत्र ठेवलें, त्यांत त्याच्या जखमांची नोंद नव्हती! २१ जखमांपैकीं एकहि त्या कागदावर उतरली नाहीं. आणि स्वदेशाचें पदक म्हणाल, तर तेंहि नाहीं. १९२९ च्या जुलैमध्यें, चाळिशीहि गांठली नसतां, तो मरण पावला.

येथें जातां जातां एक खुलासा करतों. जॉन्सनला 'पर्पल हार्ट' हें जखमी शिपायांचें पदक जिवंतपणीं नाकारण्यांत आलें, असें अनेक लेखांत छापलेलें आढळतें. तें बरोबर नाहीं. जॉर्ज वॉशिंग्टननें १७८२ सालीं सुरू केलेलें जुनें मानचिन्ह नव्या रूपांत, 'पर्पल हार्ट' म्हणून, पुन्हां प्रचारांत आलें तें १९३२ सालीं, म्हणजे जॉन्सनच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं. जें अस्तित्वांतच नव्हतें तें नाकारणार कोण? अन्याय झाला तो जखमांची नोंद न होण्यांत. पदकाचा प्रश्न मागाहूनचा आहे. चूक दुरुस्त करणाऱ्यानें नवी चूक करूं नये, एवढ्यासाठींच हें सांगितलें.

आतां अशी नोंद दुरुस्त कशी करतात? १९४६ पूर्वीं अमेरिकेंत त्याला एकच मोठा मार्ग होता. आपल्या भागांतील लोकप्रतिनिधीस गांठावें आणि आपल्या एकट्याकरितां काँग्रेसमध्यें, म्हणजे तेथील विधिमंडळांत, स्वतंत्र विधेयक आणवावें! अशा विधेयकांचा इतका ढीग सांचला कीं, १९४६ सालीं काँग्रेसनें हें ओझें आपल्या डोक्यावरून उतरवून लष्करी खात्यांवर टाकलें. तेव्हांपासून सैनिकी अधिकाऱ्यांऐवजीं मुलकी माणसांचीं मंडळें बसतात व अर्ज ऐकतात. चूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आंत अर्ज करावा, असा नियम आहे. परंतु न्यायाच्या दृष्टीनें इष्ट वाटल्यास मंडळ ही मुदत माफ करूं शकतें. हें शेवटचें कलम नसतें तर बहुतेक म्हाताऱ्या शिपायांचे अर्ज दारांतूनच परत गेले असते.

प्रत्येक गळलेल्या पदकामागें दुष्टावाच असतो असें मात्र नव्हे. पुष्कळदां कारण अगदीं साधें असतें. दुसऱ्या महायुद्धांत प्रत्यक्ष लढलेल्या ज्या पायदळी शिपायांस त्याबद्दलचा बिल्ला मिळाला होता, त्या सर्वांस 'ब्राँझ स्टार' द्यावा असें १९४७ सालीं ठरलें. तोंपर्यंत लक्षावधि शिपाई घरीं परतून शेतीभातीला लागले होते. निवृत्तिपत्र १९४५ चें आणि पदकाचा हुकूम १९४७ चा. मग कागदावर पदक येणार कोठून? कित्येकांस आपल्याला असें पदक मिळावयाचें आहे हेंच जन्मभर कळलें नाहीं.

दुसरें कारण अग्नि. सेंट लुई शहराजवळ अमेरिकन सैनिकांच्या कागदपत्रांचें मोठें भांडार आहे. १२ जुलै १९७३ रोजीं त्याला आग लागली. कोट्यवधि कागदांच्या त्या इमारतींत आपोआप पाणी शिंपडणारी योजना नव्हती, आणि कागदांच्या दुसऱ्या प्रतीहि कोठें ठेवलेल्या नव्हत्या. एक कोट साठ लाख ते एक कोट ऐंशी लाख दप्तरें नष्ट झालीं. १९१२ ते १९६० या काळांत निवृत्त झालेल्या भूदल-सैनिकांपैकीं शेंकडा ८० लोकांचे कागद त्यांत गेले. जे वांचले त्यांतले पुष्कळ बंबांच्या पाण्यानें भिजलेले होते. ते विमानांच्या कारखान्यांतील निर्वात कोठडींत घालून वाळविण्यांत आले. त्यानंतर अर्ज करणाऱ्या म्हाताऱ्यांचें आयुष्य पगाराच्या पावत्या, रुग्णालयांच्या याद्या, पलटणींचे रोजचे हजेरीपट यांवरून तुकड्यातुकड्यांनीं जुळवावें लागलें. कसर लागलेली बखर वाचणें यापेक्षां सोपें असावें.

आणि तिसरें कारण, ज्याला आग लागत नाहीं व कसरहि लागत नाहीं, तें म्हणजे माणसाचें मन. याचें उदाहरण आपल्या घराजवळून जातें, म्हणून त्यावर जरा थांबतों.

एप्रिल १९४५. युद्धभूमि इटलीची. व्हियारेज्जोजवळच्या डोंगरांत ५ व ६ एप्रिल रोजीं व्हर्नन बेकर या कृष्णवर्णीय अमेरिकन अधिकाऱ्यानें आपल्या तुकडीच्या पुढें राहून शत्रूचीं ठाणीं एकामागून एक उडविलीं. तुकडीचे बहुतेक सैनिक कामास आले. त्यानंतर अवघ्या तीन दिवसांनीं, ९ एप्रिलला, त्याच इटलींत सेनिओ नदीच्या कांठीं आपल्या नगर जिल्ह्यांतील निमजचा तरुण नामदेव जाधव निरोप्याचें काम करीत होता. मराठा लाइट इन्फंट्रीचा हा शिपाई खोल पाण्यांतून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यांतून दोन जखमी सोबत्यांस सुखरूप मागें घेऊन आला. मग एकट्यानें परत जाऊन त्यानें तीन मशीनगनींचीं ठाणीं बंद पाडलीं आणि बांधावर चढून, मराठ्यांची रणगर्जना करीत, मागच्यांना पुढें बोलाविलें. त्याच वर्षींच्या जूनमध्यें त्याचा व्हिक्टोरिया क्रॉस लंडनच्या गॅझेटांत छापून आला.

बेकरलाहि पदक मिळालें, पण एक पायरी खालचें. दुसऱ्या महायुद्धांत चारशेंहून अधिक अमेरिकन सैनिकांस 'मेडल ऑफ ऑनर' हा सर्वश्रेष्ठ मान मिळाला, आणि त्यांत कृष्णवर्णीय एकहि नव्हता. बारा लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय त्या युद्धांत सेवेंत असतां एकहि नाहीं! १९९३ सालीं लष्करानें शॉ विद्यापीठाच्या मंडळींस याचा शोध घेण्यास सांगितलें. त्यांनीं दप्तरें चाळलीं. नाकारलेल्या शिफारशी सांपडतील अशी अपेक्षा होती. पण एखाद्या कृष्णवर्णीयाचें नांव या मानासाठीं पुढें गेल्याचा कागदच मिळाला नाहीं. अखेर सात नांवें निश्चित झालीं, १९९६ मध्यें काँग्रेसनें कालमर्यादेची आडकाठी दूर केली, आणि १३ जानेवारी १९९७ रोजीं अध्यक्ष क्लिंटन यांनीं तीं पदकें दिलीं. सातांपैकीं जिवंत एकटा बेकर, वय ७७. जाधवांच्या पदकास दोन महिने पुरले, बेकरच्या पदकास बावन्न वर्षें लागलीं. यावरून इंग्रज मोठे उदार होते असें मात्र कोणीं समजूं नये. व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ सालीं निघाला, आणि तो हिंदी शिपायास मिळण्याची सोय १९११ पर्यंत नव्हती. त्या पंचावन्न वर्षांत आपल्या किती शिपायांनीं तो कमावला असेल, तें त्यांचीं गांवेंच जाणोत.

असो. जॉन्सनकडे वळूं. आल्बनीच्या लोकांनीं आणि आपण त्याचे वंशज आहों असें मानणाऱ्या एका कुटुंबानें कित्येक वर्षें खटपट चालविली. १९९६ मध्यें त्याच्या नांवें पर्पल हार्ट मिळालें. म्हणजे जखमा झाल्या होत्या हें अठ्ठ्याहत्तर वर्षांनीं मान्य झालें. २००२ मध्यें 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस' मिळाला. सर्वश्रेष्ठ मानासाठीं त्या वेळचा अधिकृत पुरावा हवा होता. तो २०११ च्या सुमारास एका सेनेटराच्या कचेरींतील मंडळींस जुने कागद धुंडाळतां धुंडाळतां सांपडला: खुद्द सेनापति पर्शिंग यांनीं त्या झुंजीची घेतलेली दखल. ज्यानें ही पलटण फ्रेंचांस देऊन टाकली, त्याच्याच कागदानें तिच्या शिपायास हात दिला. कायद्याची मुदत काँग्रेसनें २०१४ च्या अखेरीस उठविली, आणि २ जून २०१५ रोजीं अध्यक्ष ओबामा यांच्या हस्तें पदक देण्याचें ठरलें.

परंतु कागद तपासावयास बसलें कीं ते सगळेच तपासले जातात. समारंभापूर्वीं लष्करानें वंशावळीची चौकशी केली, तेव्हां त्या कुटुंबाचें जॉन्सनशीं रक्ताचें नातें नसल्याचें निष्पन्न झालें. ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या त्याला आपला आजा मानून त्याच्यासाठीं दारें ठोठावलीं, त्यांच्याच हातीं तें पदक पडलें नाहीं. या कुटुंबाविषयीं मला फार वाईट वाटतें. आजा कागदानें हिरावला, तरी केलेले श्रम त्यांचेच होते. जॉन्सन कंगालांच्या कबरींत पडला असावा अशी त्यांची समजूत होती. तो सन्मानानें आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमींत पुरलेला आहे, हेंहि एकविसाव्या शतकाच्या आरंभींच उघडकीस आलें.

ओबामांच्या हातून पदक स्वीकारण्यास वारस असा कोणी उरला नव्हता. न्यूयॉर्क नॅशनल गार्डचे कमांड सार्जंट मेजर लुई विल्सन यांनीं, जॉन्सन ज्या दलांतून भरती झाला त्या दलाच्या वतीनें, तें घेतलें. पुढें २०२३ मध्यें लुइझियानांतील फोर्ट पोक या लष्करी छावणीस फोर्ट जॉन्सन हें नांव देण्यांत आलें. २०२५ मध्यें तें काढून पुन्हां पोक हेंच नांव लावलें गेलें, फक्त पोक दुसरा. छावणीचें नांव हा हुकुमाचा मामला आहे. १९९६, २००२ आणि २०१५ सालच्या तीन नोंदी मात्र जॉन्सनच्या दप्तरांत आहेत तशाच आहेत.