तबकड्यांचा पालट

छत्रपति संभाजीनगरच्या उस्मानपुरा भागांतील रंगमंदिरास संत एकनाथांचें नांव आहे. पैठणच्या या सत्पुरुषाचें एक काम भक्तीइतकेंच शास्त्रशुद्ध होतें. ज्ञानेश्वरी लिहिली गेल्यास तीनशें वर्षें होत आलीं होतीं. नकलांवर नकला होऊन पाठ बिघडले होते. नाथांनीं अनेक प्रती ताडून शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, शुद्ध प्रत सिद्ध केली. त्याहून कठीण प्रसंग महानुभावांवर येऊन गेला होता. यादवांच्या पडत्या काळांतील धामधुमींत म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ पोथी नाहींशी झाली आणि अनुयायांना आठवणींतून ती पुन्हां उभी करावी लागली. एक गेलें तर तें उरलेल्यांतून कसें परत मिळवावें, हा प्रश्न पोथ्यांचा होता तसाच आज संगणकांचाही आहे.

संगणकाची फिरत्या तबकड्यांची पहिली पेटी आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं आणली. तींत चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या, आणि त्या सर्वांवर मिळून मावत अवघीं ५० लाख अक्षरें! पुढें १९८८ सालीं बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनीं विचारलें, कीं एका महागड्या मोठ्या तबकडीऐवजीं घरगुती संगणकांतील लहान, स्वस्त तबकड्यांचा समूह कां जुळवूं नये? त्यांतील धोकाही त्यांनींच मोजून दाखविला. एक तबकडी सरासरीनें ३०,००० तास टिकते असें धरलें, तर अशा १०० तबकड्यांपैकीं पहिली निकामी होण्यास सरासरी ३०० तासच लागतात. पुरते दोन आठवडेही नाहींत. यावर तोड म्हणजे जादा राखण. अशा समूहास ‘रेड’ म्हणतात.

या राखणीचें मर्म सोपें आहे. तीन तबकड्यांवर ५, ७ व ४ हे अंक आहेत आणि चौथीवर त्यांची बेरीज १६ लिहिली आहे, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. कोणतीही एक गेली, तरी उरलेल्या तिघींवरून गेलेला अंक काढतां येतो. यंत्राचा हिशेब एक-शून्यांचा असतो, एवढाच फरक. दोन गेल्या मात्र, तर हिशेब बुडाला.

खरी परीक्षा जागा अपुरी पडल्यावर होते. लहान तबकड्या काढून मोठ्या बसवावयाच्या. पण पहिली ओढतांच राखण संपते. नवी भरण्यासाठीं उरलेल्या सर्व तबकड्या आरंभापासून अखेरपर्यंत वाचाव्या लागतात, यास कधीं दिवसाहून अधिक वेळ लागतो, आणि आजवर न वाचलेला एखादा बिघडलेला कोपरा नेमका याच वेळीं उघडकीस येतो. दोन तबकड्या गेल्या तरी तग धरणारी ‘रेड ६’ ही दुहेरी राखण याच भीतीपोटीं अधिक पसंत केली जाते.

जाणता माणूस म्हणून आधीं सर्व मजकुराची वेगळी प्रत दुसऱ्या ठिकाणीं ठेवतो आणि ती खरोखर उघडते कीं नाहीं हें पाहतो. कारण रेड म्हणजे वेगळी प्रत नव्हे. चुकून पुसलेली वही ती सर्व तबकड्यांवरून तितक्याच इमानानें पुसते! मग तो सर्व तबकड्या एकदां वाचून घेतो, प्रत्येकीचा अनुक्रमांक टिपतो. बिघडलेलीऐवजीं निरोगी तबकडी ओढली जाण्याचे अपघात अनुभवी हातांनींही घडतात. पेटींत रिकामा खण असल्यास उत्तमच: नवी शेजारीं बसवून भरावी, जुनी मागाहून काढावी, राखण मोडत नाहीं. खण नसेल तर एक बदलावी, ती पूर्ण भरूं द्यावी, तपासावी, तेव्हांच दुसरीस हात लावावा. समूहाचें माप सर्वांत लहान तबकडीवरून ठरत असल्यानें शेवटची बदलेपर्यंत वाढीव जागा हातीं येत नाहीं, आणि घाई होते ती येथेंच. निघालेल्या तबकड्यांवर लोकांचे हिशेब व नांवनिशी असते. नवा समूह पारखून झाल्यावर त्या पुसून मगच भंगारांत द्याव्या.