कॅथलिक धर्मशिक्षण

रोमन कॅथलिक पंथाच्या श्रद्धा, उपासनाविधी व नीतिनियम नवदीक्षितांना, मुलांना आणि विशेषतः कुमारवयीनांना समजावून देण्याची परंपरा. या शिक्षणास ‘कॅटेकेसिस’ ही संज्ञा असून ज्या पुस्तकाच्या आधारे ते देतात, त्यास ‘कॅटेकिझम’ म्हणतात. हे पुस्तक बहुधा प्रश्नोत्तररूप असते. दोन्ही संज्ञांचे मूळ ग्रीक असून ‘निनादणे, तोंडी शिकविणे’ असा त्यांचा धात्वर्थ आहे. शिक्षकाचा शब्द शिष्याच्या मुखातून पुन्हा उमटावा, ही कल्पना त्यामागे दिसते. या शिक्षणाचे सामर्थ्य आणि त्याची अडचण ही दोन्ही या अर्थातच आहेत. सात-आठ वर्षांचे मूल पाठ केलेले उत्तर उत्साहाने परत म्हणते; चौदा-पंधरा वर्षांचे मूल त्याच उत्तरावर प्रतिप्रश्न विचारते. या दुसऱ्या वयाची दखल कॅथलिक चर्चने केव्हा व कशी घेतली, हा या इतिहासाचा सर्वांत बोधक भाग होय.

प्रारंभीच्या शतकांत हा प्रश्न फारसा नव्हता. ख्रिस्ती होऊ इच्छिणारी व्यक्ती बहुधा प्रौढ असे आणि दीक्षेपूर्वी तिला दीर्घ काळ शिक्षण घ्यावे लागे. जेरुसलेमचा बिशप सिरिल (सु. ३१५–८६) याची या वर्गांतील व्याख्याने उपलब्ध आहेत. त्यांपैकी बाप्तिस्मा व ख्रिस्तप्रसाद या संस्कारांचा अर्थ सांगणारी व्याख्याने दीक्षेनंतर दिली जात. आधी अनुभव व मग त्याचे स्पष्टीकरण, असा हा क्रम होता. संत ऑगस्टीन (३५४–४३०) याने सु. ४०० मध्ये कार्थेज येथील एका डीकनच्या विनंतीवरून नवागतांच्या शिक्षणाविषयी एक छोटा ग्रंथ लिहिला. आपले बोलणे ऐकणाऱ्यालाच नव्हे, तर स्वतःलाही कंटाळवाणे वाटते, अशी त्या डीकनची तक्रार होती. ऑगस्टीनचा सल्ला व्यवहारी आहे : श्रोता जांभया देऊ लागला, तर काही प्रसन्न बोलावे, तो उभा असल्यास त्यास बसावयास आसन द्यावे आणि मुख्य म्हणजे शिकविणाऱ्याने स्वतः आनंदी असावे. धर्मशिक्षणाच्या पुढील विपुल वाङ्‌मयात श्रोत्याच्या कंटाळ्याचा इतका मोकळा विचार क्वचितच आढळतो.

अर्भकांना बाप्तिस्मा देण्याची प्रथा सार्वत्रिक झाल्यावर क्रम उलटा झाला. दीक्षा आधी व शिक्षण नंतर, असे घडू लागले आणि हे शिक्षण आईवडिलांवर व बाप्तिस्म्याच्या वेळी उभ्या राहणाऱ्या धर्ममातापित्यांवर सोपविले गेले. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने ‘विवेकाचे वय’ गाठलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा पापनिवेदन करावे व ईस्टरच्या सुमारास ख्रिस्तप्रसाद घ्यावा, असा नियम केला. मात्र हे वय नेमके कोणते, ते सांगितले नाही. इंग्लंडमध्ये १२८१ साली लँबेथ येथील धर्मसभेने, प्रत्येक धर्मगुरूने वर्षातून चार वेळा लोकभाषेत श्रद्धासूत्रे, दहा आज्ञा व सात संस्कार समजावून द्यावेत, असे फर्माविले. पॅरिस विद्यापीठाचा कुलपती झां झेरसाँ (१३६३–१४२९) हा मुलांच्या शिक्षणाकडे वळला, तेव्हा एवढ्या मोठ्या विद्वानाने हे हलके काम करावे, याबद्दल त्याच्यावर टीका झाली. तिला उत्तर म्हणून त्याने स्वतंत्र प्रबंधच लिहिला.

मुद्रणकला व धर्मसुधारणेची चळवळ यांमुळे चित्र पालटले. मार्टिन ल्यूथरचा लघुकॅटेकिझम १५२९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रभावाला कॅथलिकांकडून समर्थ उत्तर दिले ते येशूसंघीय पीटर कनिसियस (१५२१–९७) याने. १५५५ मध्ये त्याने विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी व पाद्र्यांसाठी मोठा, १५५६ मध्ये लहान मुलांसाठी अगदी छोटा आणि १५५८ मध्ये माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांसाठी मधला कॅटेकिझम सिद्ध केला. वयोमानानुसार तीन पायऱ्या पाडण्याची ही योजना दूरदृष्टीची होती. तिन्हींपैकी मधल्या पुस्तकाचा प्रसार सर्वांत मोठा झाला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. जर्मन भाषिक प्रदेशात त्याचे नावच पुढे कॅटेकिझमचा पर्याय म्हणून वापरले जाऊ लागले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (१५४५–६३) रविवारी व सणांच्या दिवशी मुलांना धर्मतत्त्वे शिकविण्याचे बंधन घातले; तथापि तिच्या आदेशानुसार १५६६ मध्ये निघालेला रोमन कॅटेकिझम मुलांसाठी नसून धर्मगुरूंसाठी होता. त्याची मांडणी चार भागांत आहे : श्रद्धासूत्र, संस्कार, दहा आज्ञा व प्रभूची प्रार्थना. हीच चौकट पुढे प्रमाण ठरली. रोबेर्तो बेल्लारमीनो (१५४२–१६२१) याने १५९७ व १५९८ मध्ये लिहिलेल्या दोन इटालियन पुस्तकांत एक मार्मिक फरक आहे. लहान पुस्तकात गुरू विचारतो व शिष्य उत्तर देतो; मोठ्या पुस्तकात शिष्य विचारतो व गुरू स्पष्टीकरण करतो. दुर्दैवाने जगभर पसरले ते पहिले पुस्तक.

याच काळात ही पद्धती भारतात आली. फ्रान्सिस झेव्हिअर (१५०६–५२) मे १५४२ मध्ये गोव्यास पोहोचला. रस्त्यारस्त्यांतून घंटा वाजवीत तो मुलांना व गुलामांना गोळा करी आणि प्रार्थना व आज्ञा सुरावर म्हणवून घेई. दक्षिणेच्या मच्छीमार किनाऱ्यावर त्याने त्या तमिळमध्ये उतरवून घेतल्या आणि मुलांनी घरी जाऊन आईबापांना व शेजाऱ्यांना शिकवावे, अशी व्यवस्था केली. त्या मुलांनी मूर्ती फोडल्याचे वृत्तही त्याच्या पत्रांत समाधानाच्या सुरात आले आहे. कोवळ्या वयाच्या उत्साहाचा असा उपयोग आजच्या वाचकास अस्वस्थ करतो. गोव्यात शिक्षणाला सक्तीची जोडही होती. १५५९ च्या राजाज्ञेने अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन सेंट पॉल महाविद्यालयाकडे सोपविण्याची व बाप्तिस्मा देण्याची तरतूद केली. श्रद्धा ही स्वेच्छेने स्वीकारावयाची, हे तत्त्व शिकविणाऱ्या यंत्रणेच्या दृष्टीने हा उघड अंतर्विरोध होता.

भारतातील मुद्रणाच्या आरंभाशीही धर्मशिक्षणाचा निकटचा संबंध आहे. गोव्यात १५५६ मध्ये छापखाना आला आणि १५५७ मध्ये झेव्हिअरची प्रश्नोत्तरी तेथे छापली गेली. भारतीय लिपीत भारतात छापलेले पहिले ज्ञात पुस्तक, म्हणजे एंरिक एंरिकेश याचे १५७८ मध्ये कोल्लम येथे निघालेले तमिळ पुस्तक, हेही एक लघुकॅटेकिझमच होते. मराठी वाचकाच्या दृष्टीने फादर स्टीफन्सचे (सु. १५४९–१६१९) कार्य सर्वांत महत्त्वाचे आहे. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाने पोर्तुगीज लेखक मार्कूस जॉर्ज याच्या कॅटेकिझमचे कोकणी रूपांतर केले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये रायतूर येथे छापले गेले. मुलांच्या पाठांतरासाठी त्याने लोकांच्या तोंडची कोकणी निवडली. श्रवणपठनासाठी मात्र १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तपुराणात मराठी ओवीचा अवलंब केला. पूर्वीची पुराणे बंद झाल्यावर वाचावयास काय उरले, अशी नवख्रिस्ती श्रोत्यांची पृच्छा त्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात आली आहे. प्रश्नोत्तरीने जाणत्या माणसाची भूक भागत नाही, हे ओळखूनच सु. ११ हजार ओव्यांचा हा कथाग्रंथ रचला गेला, असे म्हणता येईल. पुढे १६८४ च्या फर्मानाने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीजचा अंगीकार करण्याचा हुकूम निघाला आणि ही परंपरा क्षीण झाली. गोव्यातील पॅरिश शाळांतून मुलांना प्रश्नोत्तरीसमवेत पाश्चात्त्य स्वरलेखन व व्हायोलिन शिकविले जाई. गोमंतकीय संगीतकारांच्या अनेक पिढ्या तेथे घडल्या.

यूरोपात औद्योगिकीकरणाबरोबर कुमारवयीनांचा प्रश्न तीव्र झाला. तूरिन येथे धर्मगुरू जोव्हान्नी बोस्को (१८१५–८८) याने ८ डिसेंबर १८४१ च्या एका प्रसंगाची नोंद आपल्या आठवणींत केली आहे. चर्चच्या सेवकाने हाकलून दिलेला सोळा वर्षांचा एक अनाथ गवंडी त्याला भेटला. मुलाने अद्याप ख्रिस्तप्रसाद घेतला नव्हता. धर्मशिक्षणाच्या वर्गात का जात नाहीस, असे विचारता त्याने सांगितले, की आपल्याहून लहान मुलांना सर्व येते आणि एवढे वाढलेल्या आपल्याला काहीच येत नाही, याची लाज वाटते. बोस्कोने त्याला प्रथम क्रुसाची खूण करावयास शिकविले. खेळ, हस्तव्यवसाय, संगीत व धर्मशिक्षण यांचा मेळ घालणारी त्याची संस्था येथून वाढत गेली.

कुमारवयीनांना नेमके काय समजावून द्यावयाचे, याची कल्पना काही उदाहरणांवरून येईल. ईश्वर एक, तथापि पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा तीन व्यक्ती, हे त्रैक्याचे तत्त्व उपमांनी सांगण्याचा मोह शिक्षकांना नेहमी होतो. पाणी, बर्फ व वाफ ही उपमा विशेष लोकप्रिय आहे. पण तिच्यामुळे तीन व्यक्तींऐवजी एकाच व्यक्तीची तीन रूपे सूचित होतात, आणि हे मत चर्चने फार पूर्वीच त्याज्य ठरविले आहे. ख्रिस्तप्रसादाविषयीची शिकवण अशी, की मिस्सात भाकर व द्राक्षारस यांचे सत्त्व ख्रिस्ताच्या शरीरात व रक्तात पालटते. रंग, चव व आकार मात्र तसेच राहतात. सत्त्व व गुण यांतील हा भेद ॲरिस्टॉटलच्या परिभाषेतला आहे. प्रयोगशाळेत रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलाला ‘सत्त्व’ म्हणजे रासायनिक घटक नव्हे, हे आधी सांगावे लागते. मारिया व इतर संत यांना दिला जातो तो सन्मान; आराधना केवळ ईश्वराची, असा भेद केला जातो. संतांना केलेली विनवणी ही मध्यस्थीसाठी असते. पापनिवेदनाबाबत मुलांचा ठरलेला प्रश्न, ईश्वराजवळ थेट क्षमा मागता येत असता धर्मगुरू कशाला, असा असतो. उत्तरादाखल दोन गोष्टी सांगतात : पापामुळे समाजाशी असलेले नातेही दुखावते, म्हणून समाजाच्या प्रतिनिधीसमोर समेट व्हावा, आणि ऐकलेले कोणत्याही कारणास्तव न सांगण्याचे बंधन धर्मगुरूवर निरपवाद असते. या दुसऱ्या मुद्द्याचे महत्त्व त्या वयात अधिक वाटते, असे दिसते.

विसाव्या शतकातील एका निर्णयाने या वयाचे स्थानच बदलले. तोवर प्रथम ख्रिस्तप्रसाद साधारणतः दहा ते चौदा वर्षांच्या दरम्यान दिला जाई. बालपण संपल्याची ती खूण होती. दहावे पायस (कार. १९०३–१४) यांनी १९०५ मध्ये प्रत्येक रविवारी तासभर धर्मशिक्षण देण्याचे बंधन घातले आणि १९१० च्या आदेशाने ख्रिस्तप्रसादाचे वय सुमारे सात ठरविले. साधी भाकर व ख्रिस्तप्रसाद यांतील फरक मुलाला कळला, की पुरे, अशी त्यामागील भूमिका होती. मुलांच्या दृष्टीने हा निर्णय उदार होता. परंतु त्यामुळे कुमारवय मात्र संस्कारशून्य झाले. फ्रान्समध्ये बाराव्या वर्षाच्या सुमारास वेगळा श्रद्धाप्रकटनाचा समारंभ चालू ठेवून ही पोकळी भरण्यात आली; अन्यत्र दृढीकरणाचा संस्कार हळूहळू त्या जागी सरकला. पौर्वात्य चर्चमध्ये मात्र तो बाप्तिस्म्याबरोबरच अर्भकाला दिला जातो. तेव्हा तो प्रौढत्वाचा संस्कार आहे, हे पाश्चात्त्य वर्गांतून ऐकू येणारे स्पष्टीकरण इतिहासाला धरून नाही. १९८३ च्या धर्मविधिसंहितेत वयाच्या पायऱ्या स्पष्ट आहेत : सात वर्षे पूर्ण होताच विवेकबुद्धी गृहीत धरली जाते, चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर मांसवर्जनाचा नियम लागू होतो, धर्ममातापित्यास सोळा वर्षे पूर्ण असावी लागतात आणि अठरा पूर्ण झाल्यावर उपवास बंधनकारक होतो.

अध्यापनपद्धतीतही पालट झाला. म्यूनिकच्या शिक्षकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कथन, स्पष्टीकरण व उपयोजन असा क्रम रूढ केला. ऑस्ट्रियन विद्वान योझेफ युंगमान याने १९३६ मध्ये, धर्मशिक्षण हे शास्त्रीय सिद्धांतांचे सार नसून शुभवर्तमान असले पाहिजे, असे आग्रहाने मांडले. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनंतर (१९६२–६५) अनेक देशांत पाठांतर जवळजवळ हद्दपार झाले आणि त्याची जागा चर्चेने घेतली. परिणाम संमिश्र होता : मुले मोकळेपणाने बोलू लागली, पण ज्याविषयी बोलावयाचे ते त्यांना ठाऊक नसे. दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ च्या पत्रकात स्मरणशक्तीचा पुन्हा पुरस्कार केला. नवा अधिकृत कॅटेकिझम १९९२ मध्ये व त्याचा ५९८ प्रश्नोत्तरांचा संक्षेप २००५ मध्ये निघाला. खास तरुणांसाठी ऑस्ट्रियातील बिशपांच्या पुढाकाराने सिद्ध झालेला ‘यूकॅट’ २०११ मध्ये माद्रिद येथील जागतिक युवामेळाव्यात वाटला गेला. त्यात ५२७ प्रश्न आहेत. संततिनियमनाविषयीच्या प्रश्नातील एका शब्दाचे चुकीचे भाषांतर झाल्यामुळे त्याच्या इटालियन आवृत्तीचे वितरण थांबवावे लागले होते.

भारतात १९६७ मध्ये बंगलोर येथे राष्ट्रीय बायबल, धर्मशिक्षण व उपासना केंद्र स्थापन झाले आणि लोकभाषांतील उपासनेला व शिक्षणाला चालना मिळाली. वसई परिसरातील मराठी भाषिक कॅथलिकांनी त्याचा चांगला लाभ घेतला; फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल (२०१०) याच वातावरणाचे फळ होय. रविवारचे वर्ग प्रामुख्याने प्रापंचिक स्त्रीपुरुष स्वयंसेवक चालवितात. कॅथलिक संस्थांच्या शाळांत अन्यधर्मीय विद्यार्थ्यांसाठी बहुधा नीतिशिक्षणाचा स्वतंत्र तास असतो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ अन्वये शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेतील धार्मिक शिक्षणास संमतीशिवाय कोणासही उपस्थित राहावयास लावता येत नाही, आणि अज्ञान विद्यार्थ्याच्या बाबतीत ही संमती त्याच्या पालकाने द्यावयाची असते.