सही करा, पैसे घ्या: सांगलीनं नाकारलेली एक अट

ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. परदेशी मदतीला ही म्हण तंतोतंत लागू पडते. पण पोळी सोडून टाळी नाकारणारेही असतात, आणि त्यातलं एक उदाहरण आपल्या सांगलीतलं आहे. नव्या पोरांना ते फारसं माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

2003 साली अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी एड्सविरोधात ‘पेपफार’ नावाची योजना आणली. पाच वर्षांसाठी 15 अब्ज डॉलर्स. या पैशानं, विशेषतः आफ्रिकेत, लाखो लोकांना औषधं मिळाली, जीव वाचले. ते श्रेय द्यायलाच हवं. पण त्या कायद्यात एक कलम होतं. पैसे घेणाऱ्या संस्थेनं वेश्याव्यवसायाला आपला विरोध असल्याचं धोरण लेखी जाहीर करायचं. शिवाय अट नुसती अमेरिकी पैशांपुरती नव्हती. संस्थेनं दुसरीकडून आणलेल्या पैशातही याविरुद्ध काही करायचं नाही.

आता कुणी म्हणेल, त्यात वावगं काय? कागदच तर आहे. सही करा, पैसे घ्या, काम चालू ठेवा.

अडचण कामातच होती. सांगलीत 1992 पासून मीना शेषू यांची ‘संग्राम’ संस्था वेश्यावस्तीत एचआयव्हीवर काम करत होती. कंडोम वाटायचे, माहिती द्यायची, हे काम वस्तीतल्या बायकाच करायच्या. एकट्या बाईला गिऱ्हाइकाला ‘कंडोम नाही तर नाही’ असं सुनावणं अवघड असतं. सगळी वस्ती तिच्या मागं उभी राहिली तर जमतं. यातूनच 1996 मध्ये या बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली, ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’. म्हणजे या कामाचं खरं भांडवल होतं विश्वास. सकाळी त्यांच्या धंद्याविरुद्ध कागदावर सही करायची आणि संध्याकाळी त्यांच्याच दारात ‘आम्ही तुमचे’ म्हणत जायचं, हे कसं जमणार? 2005 साली संग्रामनं सही करायला नकार दिला आणि अमेरिकेच्या ‘यूएसएड’चा निधी सोडला.

त्याच वर्षी ब्राझीलच्या सरकारनंही याच अटीवरून सुमारे 4 कोटी डॉलर्स नाकारले. ब्राझीलचा एड्स कार्यक्रमही या बायकांना सोबत घेऊन चालत होता. पण ब्राझीलकडे स्वतःचा खजिना होता. 1996 पासून तो देश एड्सची औषधं मोफत देत होता. जिल्ह्याच्या गावातल्या संस्थेकडे असं काय असतं? त्यामुळे ज्यांनी मुकाट सह्या केल्या, त्यांना मी नावं ठेवणार नाही. उद्या दवाखाना बंद पडला तर रुग्णांनी कुठं जायचं, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होताच.

पुढं प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं. 2013 मध्ये कोर्टानं सांगितलं, अशी सक्ती म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला. पण हे फक्त अमेरिकी संस्थांसाठी. 2020 मध्ये त्याच कोर्टानं ठरवलं की त्यांच्या परदेशातल्या सहयोगी संस्थांना हे संरक्षण नाही. एकच काम, एकच पैसा. पण तोंड उघडायचा हक्क पासपोर्ट बघून!

मला यातून एक फरक कळतो. देणगीदारानं पै-पैचा हिशोब मागावा, पावत्या तपासाव्यात, वर्षाला ऑडिट मागावं. तो त्याचा हक्कच आहे. पण ज्या माणसांसाठी पैसा आलाय, त्यांच्याबद्दल तुम्ही काय बोलायचं हेही तोच ठरवणार असेल, तर ती मदत राहत नाही. ते तुमचं तोंड विकत घेणं झालं.

आणि सही केली म्हणून पैसा कायमचा टिकतो असंही नाही. 2025 मध्ये अमेरिकेत सरकार बदललं आणि यूएसएडचाच गाशा गुंडाळला गेला. जगभरातल्या कितीतरी संस्थांचे पैसे एका आदेशानं थांबले. त्यात सगळ्या अटी निमूट पाळणारेही होते.

आपल्या तालुक्यातही संस्था आहेत. कुणी कंपनीच्या सीएसआरवर चालतात, कुणी पुढाऱ्याच्या ट्रस्टवर. पुढच्या वेळी चेक देतानाचा फोटो बघाल तेव्हा रकमेसोबत अटही विचारा. आणि परिसरात अशी अट नाकारलेली संस्था माहीत असेल तर कमेंटमध्ये जरूर सांगा.